आडनावाचा रकाना नसलेला कागद

(तरुण कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सकाळच्या सत्रात संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज कसा करायचा यावर दोन तास चर्चा झाली. लगेच त्यापाठोपाठ ‘एका खेळातलं पात्र कसं तयार करतात’ हा विषय म्हणजे तुम्हाला पोरखेळ वाटेल. संयोजक मैत्रिणींनी मला विषय विचारला तेव्हा त्याही हसल्या होत्या. हसा, हरकत नाही. पण गेली तीन वर्षं दर रविवारी दुपारी आमच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या खोलीत सहा-सात मुली आणि मी हा खेळ खेळतो आहोत, आणि त्यात जे दिसलं ते तुमच्यापुढे ठेवावं असं मला फार दिवस वाटत होतं.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. मला तो माझ्या भाचीनं शिकवला. ती कॉलेजात मैत्रिणींबरोबर खेळायची. मूळ खेळ अमेरिकेतला. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावातून १९७४ साली तो बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे त्याचे दोन कर्ते. टेबलावर सैन्यं मांडून लढाया खेळायच्या, या नादातले हे लोक. तोवरच्या त्या खेळांत एक खेळाडू म्हणजे एक अख्खं सैन्य असायचं. यांच्या खेळात एक खेळाडू म्हणजे एकच माणूस. त्या माणसाला नाव आहे, अंगात अमुक इतकी ताकद आहे, अमुक इतके घाव तो सोसू शकतो आणि मेला तर मेला.

खेळतात कसं ते थोडक्यात सांगते. चार-सहा जणी टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. सोंगट्या, पट काही नसलं तरी चालतं. एक जण सूत्रधार होते. ती सांगते, “तुम्ही दरीच्या कडेला उभ्या आहात. पूल तुटलाय. पलीकडून धूर येतोय.” मग प्रत्येकीनं सांगायचं, माझं पात्र काय करतंय. एखादी म्हणते, मी दोर टाकते. दुसरी म्हणते, मी परत फिरते, मला धुराचा वास आवडत नाही. जिथं जमेल की नाही अशी शंका असेल तिथं फासा टाकायचा. हा फासा वीस बाजूंचा असतो. मोठा आकडा आला तर जमलं. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट पुढं जाते आणि पुढच्या रविवारी तिथून सुरू होते. आपण लहानपणी भातुकली खेळायचो, तिला कुणी नियमांचं पुस्तक लिहिलं असतं तर जवळजवळ हेच झालं असतं.

आपणही शिबिरांत भूमिकानाट्य करतो. एक जण सून होते, एक सासू, एक हवालदार. त्या भूमिका आपल्याला तोंडपाठ असतात. सासू कशी बोलते हे कधी कुणाला शिकवावं लागलेलं नाही! या खेळात मात्र भूमिका आधी अस्तित्वातच नसते. खेळ सुरू होण्याआधी तुम्ही ती कागदावर तयार करायची. मला बोलायचंय ते या तयार करण्याबद्दल.

तर कागद. त्यावर पहिले सहा आकडे लिहायचे असतात. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. जुन्या पद्धतीत प्रत्येकासाठी साधे सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि बेरीज लिहायची. म्हणजे कमीत कमी ३, जास्तीत जास्त १८. बुद्धी आणि शहाणपण वेगळे का, असा प्रश्न मुली विचारतात. मी म्हणते, टोमॅटो हे फळ आहे हे माहीत असणं ही बुद्धी, आणि ते शिकरणात न घालणं हे शहाणपण. (हा विनोद माझा नाही, खेळणाऱ्यांमध्ये जुना आहे. शिकरण माझं.) सहाव्या आकड्याला इंग्रजीत करिश्मा या अर्थाचा शब्द आहे. मराठीत काय म्हणावं यावर आमची एक अख्खी दुपार गेली. मी ‘मोहिनी’ सुचवलं. मुलींनी ते तिथल्या तिथं फेटाळलं. “ताई, मोहिनी म्हटलं की परत दिसण्यावर आलं.” मग ‘वजन’ आलं, ते शरीराच्या वजनात अडकलं. शेवटी ‘छाप’ ठरलं. चारचौघांत बोलली की लोक ऐकतात, ती छाप.

मुलींचं बरोबर होतं, कारण नेमका याच जागी एकदा घोळ झालेला आहे. खेळ काढणाऱ्या कंपनीचंच ‘द ड्रॅगन’ नावाचं मासिक होतं. त्यात १९७६ साली लेन लाकोफ्का या गृहस्थांचा एक लेख आला. विषय होता, खेळात बायकांची पात्रं कशी आणावीत. हेतू स्वागताचाच. नियम असे सुचवले की बाईच्या ताकदीसाठी एक आठ बाजूंचा आणि एक सहा बाजूंचा फासा टाकावा, म्हणजे कितीही नशीब काढलं तरी १४ च्या वर जायचं नाही. आणि छाप हा गुणच बायकांच्या कागदावरून काढून त्या जागी सौंदर्य लिहावं. बाई जादूगार असेल तर तिला पुरुषांना भुलवायचे खास मंत्र. हे अधिकृत नियम झाले नाहीत, पण छापून आले आणि वाचले गेले. स्वागत म्हणून दार उघडायचं आणि आत गेल्यावर आरशापुढं बसवायचं, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

अधिकृत नियम आला तो १९७८ साली, खेळाच्या प्रगत आवृत्तीच्या पुस्तकात. त्यात ताकदीच्या मर्यादांचा तक्ताच दिला होता. योद्ध्याला ताकद १८ मिळाली, की त्याला १०० पर्यंतचा आणखी एक फासा टाकायला मिळे, म्हणजे १८ मधलेही उच्चनीच. मानवी पुरुषाला त्या फाशावर १०० पर्यंत मुभा. मानवी बाईला ५० पर्यंत. हाफलिंग म्हणून एक बुटक्या लोकांचा वंश आहे, त्यात पुरुषाला १७ आणि बाईला १४. असं प्रत्येक वंशात.

समर्थन काय? तर वास्तव. बायका शरीरानं कमी ताकदवान असतात, मग खेळात तसंच दिसायला हवं. आता बघा हं, या खेळात ड्रॅगन उडतो. एवढा मोठा धूड प्राणी तेवढ्या पंखांवर कसा उडेल हे कुणी विचारत नाही. म्हातारा जादूगार बोटातून आग सोडतो, त्याला इंधन कुठून मिळतं याचा तक्ता नाही. वास्तवाची आठवण झाली ती नेमकी बाईच्या दंडाशी येऊन.

मी यावर थोडं गणित केलं. तीन फाशांवर १८ येण्याची शक्यता २१६ मध्ये एक. त्यानंतर शंभराच्या फाशावर ५० च्या वर जाण्याची शक्यता निम्मी. म्हणजे जुन्या तीन फाशांच्या पद्धतीनं बघितलं तर ४३२ योद्ध्या बायांमध्ये एकीला या नियमाचा फटका बसणार. आणि तेव्हा टेबलावर बायकाच मोजक्या होत्या. म्हणजे प्रत्यक्ष खेळात या नियमाची जवळजवळ गरजच पडत नव्हती. तरीही तो लिहिला गेला, छापला गेला, अकरा वर्षं राहिला. पुढच्याच वर्षी, १९७९ साली, सूत्रधारासाठीचं पुस्तक निघालं. त्यात शहरात रात्री पात्रांना कोण भेटतं याचे तक्ते आहेत, आणि त्यांत वेश्या भेटली तर ती कोणत्या प्रकारची हे फासा टाकून ठरवायला बारा नोंदींचा एक स्वतंत्र तक्ता आहे. नियम कशाचे करायचे आणि बारकाईनं कशाकडे बघायचं हे कोण ठरवत होतं, ते यावरून कळतं.

त्या काळात बायका तिथं नव्हत्याच असं मात्र समजू नका. लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड यांनी १९७५ साली ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’ नावाचं नियतकालिक काढलं. खेळणाऱ्यांनी आपापली पानं लिहून पाठवायची, यांनी ती एकत्र बांधून सगळ्यांना टपालानं धाडायची. दुसऱ्याचं काय चुकलं, आपल्या टेबलावर काय नियम बदलले, अशी हमरीतुमरी त्यात चाले. पन्नास वर्षांच्या आसपास त्यांनी ते चालवलं. आपलं हे त्रैमासिक दर वेळी छापखान्यात जाताना ज्यांची झोप उडते, त्यांनी या आकड्याचा विचार करावा! आणि कंपनीत १९७९ साली जीन वेल्स आल्या, खेळ रचणाऱ्या विभागातली पहिली बाई. वाचकांच्या नियमांबद्दलच्या शंकांना मासिकात उत्तरं त्या देत. त्यांनी लिहिलेलं ‘पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस’ हे पुस्तक १९८१ साली छापून झालं आणि लगेच कंपनीनं मागं घेऊन त्याच्या बहुतेक प्रती नष्ट केल्या. मग दुसऱ्या लेखकाकडून ते बरंचसं नव्यानं लिहून घेतलं.

ताकदीवरची बायकांची मर्यादा गेली १९८९ साली, दुसऱ्या आवृत्तीत. मात्र त्याच पुस्तकात एक टीप आहे, की आम्ही सगळीकडे ‘तो’ हेच सर्वनाम वापरलंय, बायकांना वगळण्याचा हेतू नाही, गैरसमज नसावा. ही टीप आपण किती संस्थांच्या घटनांमध्ये वाचली आहे? २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र नमुन्याच्या पात्रांत बायका भरपूर आल्या आणि जिथं नमुना बाईचा तिथं मजकुरातही ‘ती’ आली. जादूगाराच्या प्रकरणात जादूगार ‘ती’. एका अक्षराचा फरक, पण त्याला २६ वर्षं लागली.

आणखी एक गोष्ट, जी अमेरिकन खेळाडूंपेक्षा आपल्या लवकर लक्षात येईल. पात्राला वंश असतो आणि पेशा असतो. मानव, एल्फ, ड्वार्फ हे वंश. योद्धा, चोर, जादूगार, पुरोहित हे पेशे. १९७८ च्या नियमांत कुठल्या वंशात जन्मलेल्याला कुठला पेशा घेता येईल याचं कोष्टक होतं. ड्वार्फ जादूगार होऊ शकत नाही. पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, फक्त मानवच. शिवाय काही वंशांना काही पेशांत ठरावीक पायरीपर्यंतच चढता येई. आमच्या एका मुलीनं हे ऐकलं आणि एकच शब्द म्हणाली, “मनुस्मृती.” २००० साली हे कोष्टक गेलं. जन्मावरून गुणांत मिळणारी भर मात्र राहिली. २०२४ च्या आवृत्तीत वंश हा शब्द काढून प्रजाती केला, आणि गुणांतली भर जन्माऐवजी आधीच्या आयुष्याशी जोडली. शेतकरी होतीस, खलाशी होतीस, लेखनिक होतीस, त्यावरून काय अंगी आलं. पन्नास वर्षं लागली.

इतिहास पुरे. आता आमची खोली.

मी मुलींना पहिल्यांदा कागद वाटले तेव्हा बराच वेळ कुणी पेन्सिल उचलली नाही. मग दहावीतली एक म्हणाली, “ताई, आडनाव कुठं लिहायचं?” मी म्हटलं, रकाना नाही. “आणि वडिलांचं नाव?” तेही नाही. पात्राचं नाव, एवढंच. मग खोलीत जे हसू फुटलं ते मला अजून आठवतं. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, परीक्षेचा अर्ज, बँकेचं खातं, या मुलींनी आजवर भरलेल्या प्रत्येक कागदावर त्या कुणाच्या तरी होत्या. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आईचं नाव वडिलांच्या आधी लावायचं ठरवलं, त्यासाठी किती वर्षं आपण बोलत होतो. इथं एक कागद असा निघाला की ज्याला ना बाप हवा, ना गाव, ना जात. एकीनं तर नावच लिहिलं नाही. म्हणाली, ती मोठी झाल्यावर स्वतः ठेवील.

आकडे भरणं सोपं गेलं. मुलींनी ताकद भरभरून घेतली. सहापैकी चौघींच्या पहिल्या नायिका झाशीच्या राणीच्या बहिणी होत्या: घोडा, तलवार, मागं उडणारा पदर. मी काही बोलले नाही. खरी अडचण कागदाच्या उजव्या बाजूला आली. २०१४ च्या आवृत्तीच्या कागदावर तिथं चार लहान चौकटी आहेत. स्वभाव, ध्येय, बंध आणि उणीव. म्हणजे ही कशी आहे, हिला काय हवंय, हिचा जीव कुणात अडकलाय आणि हिचं कुठं चुकतं.

उणीव या चौकटीत काय आलं ते वाचून दाखवते. ‘दुसऱ्यांसाठी फार करते.’ ‘हळवी आहे.’ ‘कुणालाही नाही म्हणता येत नाही.’ ‘खोटं सहन होत नाही.’ आहेत का यात उणिवा? मी विचारलं, ही चिडत नाही का? आळशी नाही? पैशाचा लोभ? मत्सर? तर मुली म्हणाल्या, मग ती हिरॉइन कशी? त्यांच्या मनात शूर बाईची एकच जागा आहे, देव्हाऱ्यातली. तिला दोष चालत नाहीत. गंमत म्हणजे टेबलावर दोष असलेलं पात्रच कामाला येतं. सगळ्या सद्गुणी असल्या की सगळ्या एकमेकींना “आधी तू, आधी तू” करत पुलाच्या अलीकडेच बसतात. आमचे पहिले दोन रविवार असेच गेले.

तिसऱ्या रविवारी नर्सिंगचा कोर्स करणाऱ्या एका मुलीनं कागद खोडून नवा केला. तिची बाई चोर. गरिबीमुळं नाही, आजारी आईसाठी नाही. तिला कुलपं आवडतात. बंद पेटी दिसली की तिचे हात शिवशिवतात. बाकीच्या मुली तिच्यावर तुटून पडल्या, काहीतरी कारण दे. ती म्हणाली, “पोरगा चोर झाला असता तर विचारलं असतं का?” त्या दिवसापासून आमचा खेळ सुरू झाला असं मी मानते.

ध्येयाची चौकट त्याहून कठीण. पहिल्या फेरीत आलं: भावाला सोडवायचं, गावाला वाचवायचं, आईचं स्वप्न पूर्ण करायचं. उत्तरं वाईट नाहीत, पण सगळी ध्येयं दुसऱ्या कुणाची तरी. मी विचारत राहिले, भाऊ सुटला, पुढं? तिला स्वतःला काय हवंय? यावर शांतता. आपल्याकडं सल्ला केंद्रात आलेल्या बाईला ‘तुम्हाला काय हवंय’ विचारलं की ती नवऱ्यानं काय करावं हे सांगते, ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. इथं नवरा नाही, सासर नाही, सगळं जगच खोटं, तरी उत्तर येत नव्हतं.

शिवणकाम करणारी एक मुलगी होती, अठरा वर्षांची. तिनं बराच वेळ घेतला आणि लिहिलं, ‘समुद्र बघायचाय.’ तिनं स्वतः तोवर पाहिला नव्हता. मैत्रिणी म्हणाल्या, हे काय ध्येय आहे? ड्रॅगन मारायला निघालोय आपण. ती म्हणाली, “तुम्ही मारा, मी येते. वाट समुद्रावरून न्या.” मी सूत्रधार, मला नकाशा बदलावा लागला. सात महिने आम्ही त्या काल्पनिक किनाऱ्याकडं सरकत होतो. मग तिचं लग्न ठरलं. ठरवताना तिला काय हवंय हे कुणी विचारलं नाही. आम्ही दोघी-तिघी घरी जाऊन बोललो, काही उपयोग झाला नाही. तिचं वय कायद्यात बसत होतं. शेवटच्या रविवारी ती आली तेव्हा आमची मंडळी किनाऱ्यापासून एका घाटाच्या अंतरावर होती. मी ते अंतर त्या दुपारीच संपवलं. खेळाडू सोडून गेली की तिचं पात्र सूत्रधार चालवते, असा एक रिवाज आहे. ती म्हणाली, “तिला कुणी चालवू नका, ताई. ती तिथंच राहते असं ठेवा.” तो कागद माझ्या फायलीत आहे. तिचं पात्र आजवर कुणी चालवलेलं नाही.

या खेळानं कुणाचं आयुष्य पालटलं असा दावा करायला मी आलेले नाही. आपल्या चळवळीत दर पाच वर्षांनी एक नवी जादूची कांडी येते, तिच्या रांगेत हिला बसवू नका.

आता खेळाच्या एका नियमाबद्दल, जो माझ्या मते सगळ्यात मोलाचा आहे. जग सूत्रधाराच्या हातात आणि नशीब फाशाच्या हातात असलं, तरी पात्र काय करतं, काय बोलतं, कुणाबरोबर जातं, हे फक्त जिचं पात्र तिनं सांगायचं. तिच्यावर मंत्र टाकला असेल तेवढाच अपवाद. नाहीतर तिच्या वतीनं ‘ती हो म्हणाली’ असं दुसऱ्या कुणालाही म्हणता येत नाही.

आणि हाच नियम सर्रास मोडला जातो. आमच्यातली एक मुलगी बाहेर एका ठिकाणी अनोळखी मुलांच्या टेबलावर खेळायला गेली. तिथल्या एका खेळाडूनं जाहीर केलं, माझा योद्धा हिच्या पात्राला उचलून खोलीत नेतो. ती म्हणाली, माझं पात्र जात नाही. सूत्रधार म्हणाला, मग ताकदीचा फासा टाका. तिचा आकडा कमी आला. बाकीचे हसले. ती उठून घरी आली आणि रविवारी आम्हाला सांगितलं. सांगताना तिचा आवाज कापत होता, आणि वर ती स्वतःच म्हणत होती, “खेळच होता ना, ताई.” गॅरी अॅलन फाइन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं या खेळाडूंवरचं पुस्तक १९८३ साली आलं. टेबलावर सगळे पुरुष असले की कथेतल्या बायकांवर बलात्कार ही कशी सहज, हसत करायची गोष्ट होते, याची निरीक्षणं त्यात आहेत. म्हणजे तक्रार चाळीस वर्षं जुनी आहे. फासा कुलपासाठी असतो, भिंतीसाठी असतो. संमतीसाठी फासा टाकायचा नसतो.

खेळणाऱ्यांनीच यावर काही उपाय काढले आहेत आणि ते मला आपल्या बैठकांसाठीसुद्धा घ्यावेसे वाटतात. एक, जॉन स्टाव्रोपोलस यांनी रूढ केलेलं फुलीचं कार्ड. एका कार्डावर फुली काढून टेबलाच्या मधोमध ठेवायची. खेळात काही नकोसं झालं की कुणीही त्याला हात लावायचा. तो भाग तिथंच वगळायचा. कारण विचारायचं नाही. ‘कारण विचारायचं नाही’ याचं मोल चौकीत बसून तक्रार लिहून दिलेल्या बाईला कळेल. आम्ही त्यासाठी साधं पोस्टकार्ड वापरतो. दुसरा उपाय, खेळाआधीच यादी करायची: कोणत्या गोष्टी गोष्टीत येऊच द्यायच्या नाहीत आणि कोणत्या पडद्याआड झाल्या तर चालतील. आमच्या यादीत सगळ्यात वर एकीनं लिहिलंय, ‘ड्रॅगननं जाळलं तर चालेल. स्टोव्ह नको.’ आम्ही तिला काही विचारलं नाही.

आपल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीनं मला स्पष्ट विचारलं होतं, पाण्याचा, रेशनचा प्रश्न असताना तू पोरींना ड्रॅगन कशाला शिकवतेस? पाण्याच्या मोर्चाला याच मुली येतात, हे एक उत्तर झालं. पण ते उत्तर देताना मला संकोच वाटतो, कारण मग खेळालाही मोर्चाचं तिकीट काढावं लागतं. मुलगे वस्तीच्या मैदानात चार-चार तास क्रिकेट खेळतात, त्यातून समाजाला काय मिळालं असं त्यांना कुणी विचारत नाही. मुलींच्या दुपारीला मात्र हिशेब द्यावा लागतो. तिचा दुसरा आक्षेप मला जास्त पटतो, की या खेळात बहुतेक प्रश्न तलवारीनं सुटतात आणि मेलेल्याच्या खिशातले पैसे घेऊन पुढं जायचं असतं. तसं आहे खरं. आमच्या टेबलावर राक्षसाशी वाटाघाटी करायला निघालेल्या दोघी आहेत. फाशानं त्यांना साथ दिली तर देते.

पुस्तकं इंग्रजीत आणि महाग आहेत. पण त्यांवाचून अडत नाही. २०२३ च्या जानेवारीत कंपनीनं जुना खुला परवाना आवळायचा घाट घातला तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी एवढी ओरड केली, वर्गण्या बंद केल्या, की महिन्याच्या आत कंपनी मागं सरली आणि नियमांचा मूळ गाभा मुक्त परवान्याखाली खुला केला. मूळ श्रेय लिहिलं की कुणीही त्याचं भाषांतर करू शकतं, छापू शकतं. आमचा मराठी कागद तयार आहे. त्याच्या पंचवीस झेरॉक्स प्रती मी आणल्यात.

जेवणानंतर मागच्या खोलीत बसू या. एका वेळी पाच जणींचंच टेबल नीट चालतं, बाकीच्यांनी बघायला यावं, मध्ये बोलू नये. फासे माझ्या पिशवीत आहेत. येताना पेन नको, पेन्सिल आणा आणि कुणाकडं असेल तर खोडरबर. उणिवेच्या चौकटीत ‘हळवी’ लिहिलेलं मी घेणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.